अकरा सेकंद बसलेला माणूस

ट्रायपॉडच्या पायाला एक थेंब लटकला आहे. त्याची वाढ इतकी सावकाश आहे की ती दिसत नाही, फक्त कळते. मघाशी मोहरीएवढा होता, आता ज्वारीच्या दाण्याएवढा आहे. पडण्याआधी तो लांबट होईल, मानेशी बारीक होईल आणि सुटेल. मला तो सुटताना बघायचा आहे. कॅमेरा दर चार सेकंदांनी टक् करतो. त्या आवाजाला माझा श्वास जुळत चालला आहे आणि पापण्या खाली येताहेत.

आंबोलीच्या वरच्या सड्यावर, या उघड्या सपाट कातळावर, मी शाल गुंडाळून बसले आहे. माझा धाकटा दीर उदय जास्तीची बॅटरी आणायला जीपकडे गेला आहे. सूर्य क्षितिजापासून वीतभर वर. दरीतलं धुकं अजून राखाडी आहे. सूर्य आणखी उतरला आणि धुकं कड्यापर्यंत चढलं, तर ते आतून पेटल्यासारखं दिसेल. समोरून येणारा तिरपा प्रकाश थेंबांमधून आपल्याच दिशेने विखुरतो, म्हणून. हे मी वर्गात शिकवते. तीन वर्षांपूर्वी ते श्रीरंगला, माझ्या नवऱ्याला, दिसलं होतं.

धुक्याचे टाइम-लॅप्स करणं, म्हणजे दर चार सेकंदांनी एक फोटो घेऊन ते भराभर पळवणं, हे त्याचं वेड. त्याचा नियम एकच होता: फ्रेममध्ये माणूस नको. चालून जाणारा माणूस एक-दोन फ्रेमपुरता येतो, डोळ्याला कळतही नाही. स्थिर बसलेला मात्र उरतो. आणि त्याच्या शेवटच्या, सगळ्यांत सुंदर शॉटमध्ये तो स्वतःच उरला आहे. उजव्या कोपऱ्यात, पाठमोरा, बसलेला. पडद्यावर अकरा सेकंद, म्हणजे खरी अठरा मिनिटं. मग तो उठला, सामान आवरून घरी आला, जेवला. काही बोलला नाही. चौथ्या दिवशी त्याचं हृदय थांबलं.

उदयने बाकीची फिल्म जोडून ठेवली आहे. तो विचारत राहतो, "वहिनी, दादाला ठेवायचं की कापायचं?" मी म्हणते, तसाच शॉट नव्याने मिळाला तर प्रश्नच उरणार नाही. म्हणून दर ऑक्टोबरात आम्ही इथे येतो.

टक्. टक्.

"चहा अजून तसाच पाणचट करतेस?"

श्रीरंग शेजारी बसला आहे. थर्मासचं झाकण त्याच्या हातात आहे.

"तुला कुणी दिला?"

"मागितल्यावर तू कधी दिलायस? मीच घेतला."

मला आश्चर्य वाटत नाही. हे स्वप्न आहे, हे मला माहीत आहे, आणि मला माहीत नसलेलं स्वप्नात कुणी सांगू शकत नाही, हेही. तरी मी विचारायला तोंड उघडते. पण आम्ही कॉलेजच्या प्रकाशाच्या प्रयोगशाळेत आहोत. काळे पडदे ओढलेले आहेत आणि दाराखालच्या फटीतून धुकं आत येतं आहे, टेबलांच्या पायांशी साचतं आहे. श्रीरंग स्टुलावर पाठमोरा बसला आहे. माझ्या हातात कोनमापक आहे.

"काय करतेस गं मागे?"

"खांदा मोजतेय. डावा खांदा सात अंशांनी खाली आहे. पहिल्या फ्रेमला चार होता."

तो हसू लागतो. खांदे हलतात, माझं माप चुकतं.

"ललिता, तू माझा कोन मोजलास? किती फ्रेम?"

"सगळ्या."

"धन्य आहे बाई! आणि काय निघालं?"

"काही नाही. पाठीवरून दुखणं सिद्ध होत नाही."

"मग मला विचार की."

पडद्यांच्या जागी आमच्या कोल्हापूरच्या स्वयंपाकघरातली खिडकी आहे. तो ओट्यावर चढून बसला आहे, पाय हलवत. गॅसवर दुधाचं पातेलं आहे, पण वर येतं आहे ते धुकं. ते काठापर्यंत चढतं, फुगतं, थांबतं.

"दुखत होतं?" मी विचारते.

"होतं. थोडं."

"मग उठला का नाहीस? घरी येऊन बोलला का नाहीस?"

"बोलायला हवं होतं," तो म्हणतो. पाय हलायचे थांबतात. "पण त्या अकरा सेकंदांत तू काय बघतेस?"

"तुझी पाठ."

"आणि मी काय बघत होतो?"

इतक्या वेळा तो शॉट पाहिला, पण त्याच्या पलीकडे पाहिल्याचं मला आठवत नाही.

पातेल्याच्या काठावरून धुकं उतू जातं. ते ओट्यावरून, फरशीवरून, दाराबाहेरच्या कड्यावरून खाली कोसळतं आणि कोसळता कोसळता केशरी होतं. माझा हात सवयीने गॅसकडे जातो.

"बंद करू नकोस," श्रीरंग म्हणतो. "जाऊ दे ना उतू."

"पण तुझा नियम! माणूस दिसला की लोक माणूसच बघतात, धुकं कुणी बघत नाही, असं तूच म्हणायचास."

"म्हणायचो खरा. तेव्हा मी कॅमेऱ्याच्या मागे असायचो." तो ओट्यावरून उतरतो. "सरक जरा. मलाही बघू दे."

मी सरकते. आम्ही बघतो.

"वहिनी! ओ वहिनी!"

आभाळ निळसर राखाडी झालं आहे. कड्यावर धुक्याची किनार तेवढी अजून गुलाबी आहे. उदय कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकलेला आहे.

"झोपलात काय? अहो, मिळालं! अगदी तस्सं! दादाच्या शॉटपेक्षा इंचभरही कमी नाही. आणि तुम्ही घोरताय!"

"मी घोरत नाही."

"धुक्याला विचारा."

उठण्यासाठी मी डावा हात कातळावर टेकते, आणि तो कोरड्यावर पडतो. सगळा सडा ओला आहे, माझी शाल ओली आहे, पिशवी ओली आहे. माझ्या डावीकडे मात्र माणूस बसेल एवढी जागा कोरडी आहे, हाताला किंचित उबदारही. मी कारण शोधते. वारा, माझा आडोसा, कातळाची दिवसभराची ऊब. यातलं काहीही असेल. कडेकडेने त्या कोरड्या जागेवर बारीक ठिपके उमटू लागले आहेत.

उदय चष्मा पुसत येतो. "सुटलो बघा एकदाचे. दादाचा शॉट काढतो आणि हा लावतो. महिन्याभरात फिल्म तयार." तो माझ्या डावीकडे बसायला वाकतो.

"तिथे नको. इकडे बस."

तो दुसरीकडे बसतो. मग माझ्याकडे पाहतो. "काय झालं?"

"आजचा शॉट लावू नकोस, उदय."

"मग?"

"श्रीरंगचाच ठेव. कापायचा नाही, कोपरासुद्धा नाही. तो बसलाय तिथे बसू दे."