मोडायच्या आधी येणारा मिस्त्री

जनूमिस्त्रीला कुणी कधी बोलावणं पाठवल्याचं मला आठवत नाही. तो आपणहून यायचा, आणि तो आला की त्या घरची माणसं आधी राहाटाकडे धावायची. राहाट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. वसईकडच्या नंदाखाल गावातल्या आमच्या केळीच्या वाड्यांना तेव्हा राहाटाचंच पाणी; बैल फिरायचे, गाडगी भरून वर यायची आणि पाटाने पाणी केळींत जायचं. उन्हाळ्यात राहाट चार दिवस बंद पडला तर केळी माना टाकायच्या. पंचाईत एवढीच, की जनूमिस्त्री राहाट मोडल्यावर येत नसे. मोडायच्या आधी येई.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते चैत्रात. मी बाहेरगावी शिकून नुकताच गावच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो होतो, आणि बाबांचे गुडघे धरल्यामुळे वाडीही माझ्याच गळ्यात आली होती. सकाळी विहिरीवर गेलो तर कठड्यावर एक काळा, किडकिडीत, अनवाणी माणूस डोळे मिटून बसलेला. शेजारी हत्यारांची पिशवी आणि तासून तयार केलेला बाभळीचा नवा कणा, म्हणजे राहाटाचा मधला आस. राहाट छान फिरत होता.

"काय हवंय?" मी विचारलं.

"काय नाय. तुमचा कना आज जायाचा, मास्तर. दुपार नाय बघायचा."

मी त्याला हाकलून दिलं. लाकूड खपवायच्या असल्या युक्त्या मला काही नवीन नव्हत्या. तो उठला आणि कुंपणाबाहेर उंडीच्या झाडाच्या सावलीत जाऊन बसला. अकराच्या सुमारास मोठा आवाज झाला, बैल बिचकले, आणि मधला कणा फुटून विहिरीत लोंबकळू लागला. मी वळून पाहिलं तेव्हा जनूमिस्त्री पिशवी घेऊन फाटकातून आत येतच होता. ना घाई, ना तोरा. संध्याकाळी पाणी पुन्हा सुरू झालं. त्याचे आभार मानायचं मात्र राहूनच गेलं, कारण अंगावर आलेला काटा काही केल्या जात नव्हता.

उमेळ्याहून तो इकडे आला तेव्हा त्याला काळं कुत्रं ओळखत नव्हतं. वाडीमागून वाडीचं काम त्याने असंच मिळवलं. लोक त्याला दबकून असत. तो कुंपणाशी उभा दिसला की बायका पोरांना आत घेत, आणि तो गेल्यावर मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकत. पण दुसऱ्या सुताराला बोलावण्याची कुणाची छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती. जनू येणार म्हणजे येणार. त्याने काहीतरी वश केलंय, असं लोक म्हणत. मी पडलो मास्तर, भुताखेतांवर विश्वास न ठेवणारा, निदान उजेडात तरी. तो स्वतःच गुपचूप लाकडाला करवत लावत असणार, अशी माझी खात्री होती.

म्हणून एके पहाटे मी त्याच्या मागावर राहिलो. राहाट नुकते सुरू झाले होते, चहूकडून करकर ऐकू येत होती. जनूमिस्त्री एकेका वाडीच्या कुंपणाबाहेर थांबायचा, डोळे मिटायचा आणि बराच वेळ श्वासही न घेतल्यासारखा उभा राहायचा. मग पुढची वाडी. चार वाड्या झाल्यावर मागे न बघताच म्हणाला, "मास्तर, वहाना काढा. मना आयकू येत नाय."

मी वहाणा हातात घेतल्या. "रोज फिरता?"

"उमेळ्याची धरून बावीस वर्सं झाली. ताप असला तरी. लाकूड मोडायच्या आधी आठ-धा दीस सांगत असतं. कोनीतरी आयकाय नको?"

गाव ज्याला जादू म्हणत होतं ती बावीस वर्षांची पायपीट होती! मी मोठ्याने हसलोसुद्धा. शाळेत घंटेच्या आधी हजर राहायची सवय मला लागली ती त्या पहाटेपासून, आणि पुढे हेडमास्तर झालो तो बहुतेक तिच्याच जोरावर. पण माझं हसू ओसरतंय न ओसरतंय तोच तो सहज म्हणाला, "मानसांचं पन आयकू येतं. छातीतला आवाज बदलतो."

"कुणाचा बदललाय?"

"ते नाय सांगायचं. कना मना बदलता येतो. मानूस नाय बदलता येत."

हे बोलताना त्याने आमच्या घराकडे पाहिलं की नाही, ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. त्या वर्षी बाबांचा खोकला वाढला होता.

तेव्हापासून मी जनूमिस्त्रीला खरोखर भिऊ लागलो. तो आला की आधी त्याच्या खांद्याकडे पाही. पिशवी दिसली की जीव भांड्यात पडे, म्हणजे आज राहाटच मोडणार. बाबांना उबळ आली की माझी नजर फाटकाकडे जाई. अशी तीन-चार वर्षं गेली.

मग एका सकाळी तो फाटकातून आत आला, आणि खांद्याला पिशवी नव्हती. बाबा, म्हणजे गावाचे भाऊ, ओट्यावर चहा पीत होते. मी धावत जाऊन त्याची वाट अडवली. "मिस्त्री, आज नको. परत जा. हात जोडतो."

तो कसनुसा हसला. "भाऊंचं नाय, मास्तर. भाऊंचा खोकला नुसता बिडीचा हाय."

त्याच्यामागून त्याचा जावई आत आला. पिशवी त्याच्या खांद्यावर होती. जनूमिस्त्रीने त्याला दंडाला धरून विहिरीपाशी उभं केलं आणि डोळे मिटायला लावले. "ह्यो आवाज ध्यानात ठेव. मास्तरांचा राहाट फिरताना एकदा कन्हतो, ती त्याची खोड हाय. दुखनं नाय."

सुटलो, असंच मला वाटलं. बाबा नव्हेत, एवढाच विचार मनात आला. मग बदललेला आवाज त्याच्या स्वतःच्याच छातीतला आहे हे डोक्यात शिरलं, आणि त्या सुटकेची लाज मला अजून वाटते.

"मिस्त्री, डॉक्टरकडे चला. मी नेतो वसईला."

"नको. दीस मोडंल. अजून अकरा वाड्या ह्याला दाखवायच्या ऱ्हायल्यात." त्याने बोटांवर मोजलं. "दीसाला दोन. पुरंल."

सहाव्या दिवशी एकच वाडी उरली होती. त्या विहिरीवर जावई डोळे मिटून उभा होता आणि जनूमिस्त्री त्याच्याशेजारी कठड्याला टेकून बसला होता. नंतर जावयानेच मला सांगितलं. शेजारचा श्वास थांबल्याचं त्याला कळलं होतं. पण राहाटाचा आवाज अजून मनात पुरता बसला नव्हता, म्हणून तो मनात बसेपर्यंत त्याने डोळे उघडले नाहीत.