दुसऱ्याच्या नावाचा नारळ

सुरुवातीलाच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतला नाही. इथे येणारे भुताखेतांचे अनुभव मी चहा पिता पिता वाचतो आणि निम्म्या लोकांना ‘नीट झोपत जा’ असं लिहून पाठवावंसं वाटतं. माझं सगळं आयुष्य जमिनी मोजण्यात गेलं. टेप लावून जे मोजता येत नाही ते मी कधी धरलंच नाही. घरी सत्यनारायण असला तरी मी प्रसादापुरता हजर! पण आता रिटायर झालोय, आणि ही एक गोष्ट कोणाला तरी अथपासून इतिपर्यंत सांगायची आहे. माझं नाव लिहीत नाही. का, ते कळेलच.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास मी डोंबिवली पश्चिमेला चाळीत राहायचो आणि ठाण्याला नौपाड्यात एका खाजगी सर्व्हेयरकडे नोकरी करायचो. बिल्डर लोकांची नजर नुकतीच खाडीकाठाकडे वळली होती. कोपरच्या पुढे खाडीला लागून कोळ्यांची एक वस्ती होती. आता तिथे टॉवर आहेत, तेव्हा बांध, चिखल आणि चार-दोन होड्या होत्या. तिथली खाजणाची जमीन, म्हणजे भरतीचं पाणी आत येतं ती, आम्हाला मोजायची होती.

आमच्या धंद्यातली एक पद्धत सांगतो. साइटवर आपलं खरं नाव कधी सांगायचं नाही. दोन गुंठे कमी भरले की मालकाचे भाऊबंद ऑफिसात येऊन नावानिशी शिव्या घालतात. आमचे सीनियर तर बिनदिक्कत स्वतःच्या मेव्हण्याचं नाव ठोकून द्यायचे. मी नवीन होतो, माझं असं काही ठरलेलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी लेव्हलच्या दुर्बिणीला डोळा लावून वाकलो होतो. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. त्यात एक मुलगी आली — डोक्यावर पाटी, पाय आभाळात. डोळा काढला तर ती समोरच उभी.

“तुजा नाव काय रं?”

“विलास.”

“पुरा सांग. बापाचा पन.”

आणि माझ्या तोंडून धडाधड विलासचं पूर्ण नाव बाहेर पडलं... वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

विलास माझा शेजारी. खोलीला खोली लागून, शाळेत एका बाकावर. लहानपणी कुणाची काच फुटली की मी त्याचं नाव सांगायचो आणि तो माझं. मोठा होऊन ठाण्याला एका सरकारी ऑफिसात क्लार्क झाला. सरळ, भित्रा, आईचा एकुलता एक, वडील लवकर गेलेले. खाडी त्यानं फक्त पुलावरून पाहिलेली. तोंडात आलं म्हणून त्याचं नाव घेतलं, एवढंच.

मुलीचं नाव नंदा. डोंबिवलीत दहावीपर्यंत शिकलेली, वडिलांच्या होडीवर जायची. जिभेला हाड नाही! माझी टोपी, माझी चाल, माझी टेप, कशालाही सोडायची नाही. आमचं जमलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा माझ्या डोक्यात लग्नबिग्न काही नव्हतं. टाइमपास. मोजणी मे महिन्यात संपणार, मी माझ्या घरी, ती तिच्या. पडक्या मिठाच्या कोठीमागे आम्ही भेटायचो. ती मला विलास म्हणायची आणि मला त्याची गंमत वाटायची. जे काय चाललंय ते विलासचं चाललंय, माझा काही संबंध नाही — असं एक सोयीचं वाटायचं.

मोजणी मे महिन्यात संपली. जूनमध्ये मी काही कारण नसताना दोनदा गेलो. जुलैमध्ये दर रविवारी. एकदा तिला ताप होता म्हणून भेट झाली नाही, तर मी भर पावसात बांधावर दोन तास नुसता उभा राहिलो आणि परत आलो. त्या दिवशी कळलं की आपण कामातून गेलो.

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारी भेटलो, तर ती नेहमीसारखी बडबडत नव्हती. लाजत होती... नंदा आणि लाजणं!

“मी तुज्या नावान नारल सोरला,” ती म्हणाली.

मला वाटलं, असेल पूजेतलं काहीतरी. मग तिनं समजावलं. त्यांच्या घरची रीत अशी, की पुनवेला घरातल्या बायका घरातल्या एकेका पुरुषाचा नारळ खाडीत सोडतात. सोडताना पूर्ण नाव सांगायचं, बापासकट, म्हणजे खाडीला माणूस कळतो आणि ती त्याला सांभाळते. बाहेरच्या माणसाचा नारळ कोणी सोडत नाही. सोडला, तर तो माणूस आपला झाला. तिनं आईच्या नकळत सोडला होता.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्यासाठी असं कोणी काही केलं नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं, “अगं, ते माझं नाव नाही.” सांगितलं नाही. ती उठून निघून जाईल याची भीती वाटली. दुसरं काही कारण नाही. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं.

त्याच आठवड्यात विलास गॅलरीत माझ्याजवळ येऊन बसला. चेहरा उतरलेला.

“तुला हसू येईल,” तो म्हणाला, “पण दुपारी डबा खाऊन जरा डोळे मिटले ना, की कोणीतरी हाक मारतं रे. पूर्ण नाव घेऊन. बाईचा आवाज. उठावंसंच वाटतं.”

“लग्न कर,” मी म्हणालो.

तो हसला नाही. त्यानं कोपऱ्यातल्या चपला उचलून माझ्यापुढे धरल्या. तळव्यांना काळा चिखल वाळला होता. ठाण्यात असा चिखल रस्त्यावर नसतो. तो खाडीचा होता, चार महिने माझ्या पायाला तोच लागत होता.

“मी आज ऑफिसातून हललोसुद्धा नाही,” विलास म्हणाला. “टेबलाखाली काढून ठेवलेल्या.”

मी नखानं तो खरवडून पाहिला. तरी म्हणालो, कोणीतरी घालून गेला असेल. तो म्हणाला, असेल. बिचारा माझं सगळं ऐकायचा.

रविवारी मी सांगायचं ठरवूनच गेलो. नंदाच आधी बोलली.

“काल आयलास नि बोललास नाय?”

“काल? काल मी कुठे आलेलो?”

“दुपारी. मी बांदावर बसून तुजा नाव घेत व्हते, तं त्या टोकाला उबा तू. निला शर्ट. मी हात केला, तं वलून गेलास.”

माझ्याकडे निळा शर्ट नव्हता. विलासकडे होता, आईनं आदल्या दिवाळीला शिवलेला. आता तरी सांगायचं ना? पण नंदाच्या चेहऱ्यावर एवढा आनंद होता... आणि वर ती म्हणाली, बाबांशी बोललेय, गुरुवारी दुपारी ये, ते घरी असतात. म्हटलं, आता गुरुवारीच सांगू. सगळ्यांसमोर एकदाच. चार दिवसांनी काय होतंय?

गुरुवारी मी सुट्टी टाकली. सव्वाएकच्या सुमारास त्यांच्या घरी पोचलो. तिचे वडील अंगणात जाळं विणत बसले होते. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. मी पाटावर बसलो आणि पाणीसुद्धा न पिता सगळं सांगून टाकलं... हे नाव माझं नाही, नाव असं असं आहे, मुलगी मला खरोखर हवी आहे.

वाटलं होतं, म्हातारा मारेल. नंदा थोबाडीत देईल. त्यातलं काही झालं नाही. नंदानं एकच विचारलं.

“मंग त्यो कोन? ज्याचा नाव दिलास... त्यो खरा मानूस हाय?”

“माझा मित्र आहे.”

“जिता हाय ना?”

वडिलांनी जाळं बाजूला ठेवलं. उघड्या दारातून दिसणाऱ्या भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजला होता, मला पक्कं आठवतं, कारण त्यांनीही तिकडे पाहिलं. खाडीला ते ‘खारी’ म्हणत.

“भरती लागली,” ते म्हणाले. “खारीला हिनं नारल सोरून सांगितला, ह्यो आमचा मानूस. ती आपला मानूस वलखते नि बोलावते. जा, त्याला घेऊन ये. त्यानं सोताच्या तोंडान सांगाया पायजे, मी ह्या घरचा नाय.”

नंदा माझ्याबरोबर आली. वडिलांना विचारलंसुद्धा नाही, तशीच निघाली. स्टेशनच्या पुलावर गर्दीत तिनं माझा हात धरला आणि ठाणं येईपर्यंत सोडला नाही. त्या मुलीला मी किती फसवलंय आणि तिच्याशिवाय आपलं पुढे कसं होणार नाही, या दोन्ही गोष्टी मला एकदमच कळल्या.

तीनच्या आत विलासच्या ऑफिसात पोचलो. पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला त्याचं टेबल. टेबलावर उघडा डबा, अर्धी पोळी. शेजारच्या टेबलावर त्याचे एक सहकारी बसले होते. ते मला चांगले ओळखत. मी अधूनमधून तिथे जायचो, खालूनच ओरडायचो, “विल्याऽऽ, उतर!” आणि तो उतरायचा.

मला बघून ते म्हणाले, “अरे, तू इथे? विलास कुठाय?”

“तेच विचारायला आलोय.”

“म्हणजे? तूच तर हाक मारलीस ना खालून. जेवता जेवता उठला तो. मी म्हटलं, अरे पोळी तरी संपव. तर म्हणाला, तो थांबायचा नाही.”

“किती वाजता?”

“दीड वाजला असेल.”

मी म्हणालो, तो मी नव्हतो. ते हसले. म्हणाले, “उगाच काय... तुझा आवाज मला कळत नाही होय?”

नंदा जिन्याकडे धावली.

विलास परत आला नाही. कोपरच्या बाजूला मासळी विकायला बसणाऱ्या एका बाईनं पोलिसांना सांगितलं की निळा शर्ट घातलेला एक मुलगा अडीच-तीनच्या दरम्यान खाडीकडे जाताना पाहिला. एकटाच होता. पण शेजारी कोणी दोस्त चालत असावा तसा बाजूला बघून हसत, बोलत चालला होता. तिला वाटलं, वेडसर असेल. नंदाच्या वडिलांनी आणि गावातल्या चार होड्यांनी पाच दिवस खाडी पालथी घातली. काही मिळालं नाही, चप्पलसुद्धा नाही.

पोलिसांनी मला दोनदा बोलावलं, कारण सहकारी आपल्या म्हणण्यावरून हलायला तयार नव्हते. दीड वाजता मी कुठे होतो ते नंदाच्या वडिलांनी जाऊन सांगितलं. तसं आमचं प्रकरण सगळ्या चाळीला कळलं. विलासची आई तेवढी म्हणाली, “त्यांना भास झाला असेल रे. तू माझ्या हातचं जेवून मोठा झालास, तू खोटं बोलणार आहेस का?”

तिला मी नावाचं कधीच सांगितलं नाही. ती असेपर्यंत हिंमत झाली नाही.

नंतर एका डॉक्टर मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, तुझा मित्र आधीपासूनच खचलेला असणार, हाकांचा भास होणं हे लक्षणच आहे, आणि चिखल काय, कुठेही लागतो. बरोबर असेल. पण विलासला भास झाला तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाला माझा आवाज कसा ऐकू आला? मी त्या वेळी पंधरा किलोमीटरवर तिच्या अंगणात बसून कबुली देत होतो. हिशोब कितीही वेळा मांडला तरी जुळत नाही. मी अजूनही भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. 

पुढच्या वर्षी आम्ही ठाण्याला रजिस्टर लग्न केलं. नंदाचं म्हणणं होतं, आपण दोघांनी मिळून हे केलंय, आता वेगळं होऊन कुठे जाणार? तिनं मला माफ केलं की नाही ते मी अजून विचारलेलं नाही.

संध्याकाळी चाळीत आलो. दारात माप ठेवलं होतं. बायकांनी वाट अडवली... नाव घे, नाव घेतल्याशिवाय आत सोडायचो नाही! सगळ्यांत पुढे विलासची आई होती. किती महिन्यांनी अंगावर धड साडी.

“मोठ्यानं घे हो,” ती म्हणाली, “मला हल्ली कमी ऐकू येतं.”

नंदानं तोंड उघडलं. मी शेजारीच होतो, मला तिचे ओठ दिसत होते. चार महिने ज्या नावानं तिनं मला हाक मारली होती त्याच नावासाठी ते जुळत होते. तिनं ओठ दातांखाली घट्ट दाबला, आणि तशीच त्या माउलीच्या पायाशी बसून हमसाहमशी रडायला लागली.

बायकांनी वाट सोडली. विलासच्या आईनं तिला उठवलं, पदरानं तिचे डोळे पुसले.

“लाजली गं पोर,” ती म्हणाली. “राहू दे आता. माझा विलास आला की त्याच्या लग्नात घेशील.”

मी वाकून माप नीट ठेवलं आणि नंदा आत आली.