पटावर एक जास्त

बोरीवलीच्या शाळेत मी नोकरीला लागले ती एका वर्षाच्या बोलीवर. वर्षाअखेरीस तपासणीला साहेब येणार आणि त्यांचा शेरा बरा पडला तरच मी कायम. वडिलांची गिरणी संपात बंद पडलेली, घर माझ्याच पगारावर. त्यामुळे मी सगळ्यांना घाबरायची. मुख्याध्यापिकांना, साहेबांना, खरं सांगायचं तर चौथीतल्या पोरांनाही.

पोरं माझ्याहून घाबरट निघाली. चुकेल म्हणून कुणी तोंडच उघडायचं नाही. म्हणून मी एक मुलगा बनवला. त्याला आम्ही ‘नवा’ म्हणायचो. कोकणातून नुकताच आलेला, पुस्तकातलं काहीएक न येणारा. टेबलाशेजारच्या स्टुलावर जो बसेल तो त्या दिवशीचा नवा. त्याने मनसोक्त चुकायचं आणि बाकीच्यांनी त्याला समजावायचं.

मागच्या बाकावरच्या एका मुलीचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. हजेरीलाही ती नुसता हात वर करायची. तिची पाळी आली आणि स्टुलावर बसल्याबरोबर ती घरच्या मालवणीत घडाघडा बोलायला लागली. मला तर विश्वासच बसेना. पुढे पुढे ती बोलायची ते फक्त स्टुलावर.

साहेब आले त्या सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात मुलांनी लिहिलं होतं, पट ४६. खरा पट पंचेचाळीस. पोरं रोज नव्याला धरून मोजत होती आणि मी मेली कधी तिकडे बघितलंच नव्हतं. साहेबांनी डोकी मोजली, मग पुन्हा मोजली. तुकडी टिकावी म्हणून पटावर खोटी नावं चढवणाऱ्या शाळांबद्दल मी ऐकून होते. आता तोच संशय माझ्यावर येणार होता.

“हा एक जास्त कोण?” साहेबांनी विचारलं.

“कुणी नाही, साहेब. चुकून मोजला गेलाय,” असं म्हणून मी डस्टर उचललं.

तेवढ्यात मागचा बाक करकरला. ती मुलगी पुढे आली आणि स्टुलावर बसली. तू कोण, असं साहेबांनी तिला विचारलं.

“मी नवो,” ती म्हणाली. “माका वजाबाकी येणा नाय. तुमका येता?”

कुणी हसलं नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, वहीत काहीतरी खरडलं आणि ते निघून गेले. मला तिचा इतका राग आला की मी तिला दंडाला धरून उठवलं. नवा-बिवा कुणी नाही, खेळ संपला, असं सगळ्या वर्गाला बजावलं आणि स्टूल शिक्षकखोलीत नेऊन ठेवलं.

पुढचे पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. शिपाई दारात दिसला की साहेबांचं पत्रच आलं असं वाटायचं. घरी कुणाला काही सांगायची सोय नव्हती. मुलगी पुन्हा हात वर करून हजेरी देऊ लागली होती, पण माझं तिकडे लक्ष कुठे होतं!

अखेर मुख्याध्यापिकांनी बोलावलं. शेरापुस्तकात साहेबांचं एकच वाक्य होतं, नव्या विद्यार्थ्याकडे असेच लक्ष द्यावे. मी कायम झाले होते. मुख्याध्यापिका हसून पेढे मागत होत्या आणि मला तिथे उभं राहवेना.

स्टूल उचलून मी वर्गात आणलं. पहिली पाळी तुझी, असं त्या मुलीला सांगितलं. ती उठली नाही. मी पुन्हा सांगितलं तेव्हा बाकाकडे बघत हळूच म्हणाली, “नवा कुणी नाहीच ना, बाई. तुम्हीच साहेबांना सांगितलंत.”

मी फळ्यावर बेचाळीस वजा सतरा मांडलं, खाली पस्तीस लिहिलं आणि स्वतःच स्टुलावर बसले. “माका ह्यां येणा नाय,” मी म्हणाले. “कोण शिकवतला?”

आठ-दहा हात भराभर वर झाले. मी मागच्या बाकाकडे बघत राहिले. इतकी भीती मला साहेबांचीही वाटली नव्हती.