बाजाराच्या दिवशी पाणी प्यायचं नसतं

रिसोडच्या रस्त्यावर बस थांबली, की उतरणाऱ्याला आधी प्रयागबाई ऐकू यायची आणि मग बाजार दिसायचा. ‘मेथी घ्या, सांबार घ्या’ ही तिची हाळी पार शाळेपर्यंत जायची. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे परगावच्या गिऱ्हाइकाला ती रागावूनच सांगे. विहिरीजवळच्या तुकड्यात भाजी पिकवायची आणि गुरुवारी आणून विकायची, यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. लाजेसंकोचाचं आणि प्रयागबाईचं कधी जमलंच नाही, असं गावातले लोक म्हणत. लोकांना काय, ते काहीही म्हणतात.

एका बाबतीत ती बाजारातल्या चारचौघींसारखीच होती. गुरुवारी सकाळपासून ती पाण्याचा थेंब तोंडात घेत नसे. कारण बायांना जायला बाजारात जागाच नव्हती. पुरुषांना एक भिंत पुरते. बायांनी मात्र अंधार पडेपर्यंत कळ काढायची, हे जणू ब्रह्मदेवानंच लिहून ठेवलेलं. चहावाल्यानंही बायांना ‘घेता का’ म्हणून विचारणं केव्हाच सोडलं होतं.

यंदा ते गिरजाबाईला भोवलं. गिरजाबाई ही प्रयागबाईची विहीण. प्रयागबाईची वैजयंती गिरजाबाईच्या मुकेशला दिलेली. दोघी विहिणी बाजारात शेजारी शेजारी बसत आणि वांग्याच्या भावावरून कडाकडा भांडत. दिवाळीच्या तोंडावर गिरजाबाईला ताप भरला, लघवीतून रक्त गेलं, वाशीमला नेऊन सलाइन लावावं लागलं. डॉक्टरनं बजावलं, मूत्रपिंडावर सूज आहे, दिवसभर पाणी पीत राहा. गिरजाबाईनं मान डोलावली आणि बरं वाटताच गुरुवारी पुन्हा कोरड्या घशानं दुकान मांडलं. तिचं ते उतरलेलं तोंड पाहून ही बाई अशानं मरेल, असं प्रयागबाईला स्पष्ट वाटलं.

त्याच सुमारास मदनसिंग मास्तरांनी गावच्या सभागृहात ‘उमेदवारांना विचारा’ असा कार्यक्रम ठेवला. विधानसभेला उभे असलेले तिघं मोठे उमेदवार एका मंचावर, खाली गाव, आणि ज्याचा नंबर येईल त्याच्या हाती माईक. बाजारातल्या बायांनी जागेचं विचारायला प्रयागबाईलाच पुढं केलं.

“तुमचा आवाज हाये,” त्या म्हणाल्या.

“इचारीन ना. त्याच्यात काय भ्याचं?” प्रयागबाई म्हणाली.

पण सभागृहात बसल्यावर पाहते तर पुढच्याच रांगेत बबनराव. गिरजाबाईचे मालक, म्हणजे तिचे व्याही. त्यांच्यासमोर ती डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, त्यांच्या घरी गेली तर दुसऱ्यांदा भाजी मागत नसे. आता या माणसाच्या मानेमागं उभं राहून, भर सभेत, माईकवर ते बोलायचं? तिनं मनात शब्द लावून पाहिले. एक ओंगळ वाटला, दुसरा मास्तरांच्या तोंडी शोभेल असा होता, तिच्या जिभेला तो वळेना. तिला धड बसवेना.

त्यात एक उमेदवार केनवडच्या सभेत अडकला. त्याची वाट पाहता पाहता मास्तरांनी थंडगार पाण्याच्या बाटल्या वाटल्या. आज काही बाजार नव्हता. प्रयागबाईनं घाबरेपणाच्या भरात अख्खी बाटली संपवली, वरून दोन चहा घेतले.

व्हायचं तेच झालं. उमेदवार आला, हारतुरे झाले, आणि प्रयागबाई खुर्चीत इकडून तिकडं सरकू लागली. सभागृहामागं शौचालय म्हणून बांधलेली एक खोली होती, पण तिला कुलूप. माईक फिरवणाऱ्या शिवमला तिनं हळूच विचारलं.

“चाबी मास्तरापाशी हाये,” तो म्हणाला, “अन् मास्तर मंचावर.”

घरी जावं तर नंबर जातो. बसावं तर जीव जातो. त्यात एका शेतकऱ्यानं सोयाबीनच्या भावाचा प्रश्न काढला, तर उमेदवारानं स्वतःच्या आजोबापासून सुरुवात केली. दुसरा उत्तर देताना मध्येच थांबून सावकाश पाणी प्यायला. प्रयागबाईला त्याचा भयंकर राग आला. तिची चुळबुळ ऐकून बबनराव वळले.

“काय झालं इहीनबाई? जीव घाबरून राह्यला काय?”

“काई नाई,” ती म्हणाली आणि आणखीच घाबरी झाली.

अखेर माईक आला. ती उठली. पाठ केलेला प्रश्न कुठल्या कुठं गेला. बाजार गाजवणारी बाई नुसतीच उभी राहिली आणि सगळे वळून तिच्याकडं पाहू लागले.

“मले आता जाचं हाये,” ती एकदम म्हणाली. “कुठी जाऊ, ते तुमी तिघं सांगा.”

“मावशी, बसा निवांत,” एक उमेदवार गोड हसून म्हणाला. “कुठं जायची गरज नाही.”

मागच्या बाया फिसकन हसल्या. मग त्यालाही कळलं आणि तो खाली पाहू लागला.

“बसता येत नाई मनूनच इचारून राह्यली,” प्रयागबाई म्हणाली. आता आवाज पुरता परतला होता. “आमच्या बजारात बायाईले जाले जागा नाई. आमी दिवसभर पाणी पेत नाई. माह्या इहिनीले त्यानंच दवाखाना लागला. आज म्या इथं पाणी पेलं, तं इथं बी कुलूपच.”

मग तिघंही एकदम बोलू लागले. निधी, ठराव, निवडून आल्यावर पहिलं काम.

“वचनं मंग देजा,” ती म्हणाली. “पयले चाबी द्या.”

मास्तर खिसे चाचपत मंचावरून उतरले. मागं जाऊन कुलूप काढलं तर दारापासून छतापर्यंत मोडक्या खुर्च्या आणि सतरंज्यांच्या गुंडाळ्या. पाय ठेवायला जागा नाही. मास्तर ओशाळून उभेच राहिले. तेवढ्यात बबनराव तरातरा चालत आले. प्रयागबाईनं पदर कपाळावर ओढला. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. ते एकेक खुर्ची ओढून बाहेर टाकू लागले.

“गिरजा पाणी पेत नाई मनून मी तिलेच बोल लावत होतो,” थोड्या वेळानं ते म्हणाले. तिच्याकडं न पाहता.

प्रयागबाईनंही एक सतरंजी ओढली.

“इतके वर्सं बजाराहून आली, का ती धावतच घरात शिरे,” बबनराव शेवटची खुर्ची उचलत म्हणाले. “मले वाटे, माह्यासाठी घाई करते.”