साडीची उलटी घडी

दोंडाईच्याहून आम्ही सुरतेच्या पॅसेंजरमध्ये बसलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. वडील आधीच सुरतेत लूमवर कामाला होते. काकू खिडकीशी उभी राहून आईला म्हणाली, "तठे कपडास्नी कमी नही, बाई." आईच्या अंगावर त्या दिवशी काकूचीच साडी होती.

कपड्यांची कमी खरोखरच नव्हती. सुरतेच्या डिंडोली भागातल्या आमच्या खोलीवर रोज ठेकेदाराचं पोटलं यायचं. त्यात साड्या, खडे आणि गम. आई, शेजारच्या सुमनमावशी आणि गल्लीतल्या आणखी चौघी ओट्यावर बसून नक्षीवर खडे चिकटवायच्या. गमच्या वासाने डोकं जड व्हायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. वर्षानुवर्षं तोच वास. मी शाळेतून आले की त्या हात न थांबवता सरकायच्या. दोघींच्या मध्ये माझी जागा व्हायची.

पुढे मी इथल्याच एका वर्तमानपत्रात बातमीदार झाले आणि या कामाची, त्या गमच्या त्रासाची बातमी लिहिली. नावं बदलली, गल्ली लिहिली नाही. साडी घेताना खडे कोणी लावले, ते दुकानात विचारा, असं वाचकांना सुचवलं. तपशील नेमका हवा, हे मला डेस्कवर शिकवलं होतं. म्हणून साडीही नेमकी लिहिली: पोपटी रंग, पदरावर तीन मोर, मोराच्या डोळ्यात लाल खडा. एक नक्षी एकाच गल्लीत जाते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. लिहिताना आठवलं नाही.

ठेकेदाराला गल्ली ओळखायला मोर पुरले. पोटलं बंद झालं. अशी साडी पुन्हा घेणार नाही, असं एका वाचक बाईंचं पत्र आलं. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"खरं लिखं तू," ती म्हणाली. "पन आमले इचारं का?"

सुमनमावशी नंतर काही महिने इच्छापोरला एका कारखान्यात झाडायला जात होत्या.

आता मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. कपडा घेताना कोणी शिवला ते विचारते. "बेन, माल तो उपरथी आवे," दुकानदार सांगतो. माल वरून येतो, एवढंच त्याला माहीत असतं.

काकू दोंडाईच्याहून फोनवर विचारते, घरी कधी येशील. घर म्हटलं की मला ओट्यावरची ती दोघींच्या मधली जागा आठवते. ती अजून आहे. गल्लीत दुसऱ्या ठेकेदाराचं पोटलं येतं, आणि मी गेले की बाया अजून सरकतात. पण आता हात थांबतात. वाळलेल्या साड्या उलट्या घडीने भिंतीशी जातात, नक्षी आत.

गेल्या खेपेला आईनेही तिच्या मांडीवरची साडी तशीच घडी करून ठेवली. मग म्हणाली, "जेवीसन जाशी ना?"

मी हो म्हटलं. नक्षी कोणती, ते विचारलं नाही.