मक्त्याने घेतलेला सल्लागार

ऐंशीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी डहाणूच्या एका कॉलेजात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवायचे आणि शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून कॉलेजच्या नियामक मंडळावर बसायचे. बसायचे हाच शब्द बरोबर, कारण बोलायची पाळी क्वचितच यायची. मंडळातले बहुतेक जण चिकूच्या वाड्यांचे मालक. सभेचा निम्मा वेळ पाणी, खत आणि दिल्लीला माल न्यायला मिळत नसलेल्या वॅगन यांत जायचा, उरलेल्यात कॉलेज चालायचं. चालायचं मात्र व्यवस्थित.

त्या वर्षी माझा जीव एकाच विषयात अडकला होता. आमच्याकडे पदवीला फक्त आर्ट्स होतं आणि बी.एस्सी.चा वर्ग विद्यापीठाकडून मंजूर करून आणायचा होता. माझं लग्न नुकतंच झालं होतं. नवरा ठाण्याला बँकेत, मी डहाणूत माहेरी, भेट शनिवार-रविवार. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं, "बारावीलाच शिकवायचं तर ठाण्यात काय कॉलेजं कमी आहेत?" शेवटी असं ठरलं की पदवीचा वर्ग आला तर मी डहाणूत राहायचं, नाही आला तर जूनपासून ठाण्याला. या सगळ्या वाटाघाटींत नवऱ्याने तोंडातून चकार शब्द काढला नाही, आणि मला त्याचा भयंकर राग आला होता. डहाणूच्याच रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली मी. मला डहाणू सोडायचं नव्हतं, बस्स.

विद्यापीठाला प्रस्ताव कसा लिहायचा हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून बाहेरचा सल्लागार नेमायचं ठरलं. मुंबईचे एक निवृत्त प्राध्यापक हेच काम करायचे. ते स्वतःचा करार टाइप करूनच सभेला आले. अध्यक्षांनी तो वाचला. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. घरी गुजराती, ऑफिसात मराठी आणि वाडीवर मजुरांशी वारली बोलणारा माणूस. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"साहेब, बाकी बराबर आहे. पण आमच्याकडे वाडी मक्त्याने देतात ने, तर फळ उतरेपर्यंत मक्तेदार वाडीतच झोपडी बांधून राहते. तुम्ही पण मंजुरी येईपर्यंत इथेच राहा. लिहून घ्या."

वाडीत मक्तेदार मालकाला पैसे देतो आणि इथे गणित उलटं आहे, हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेबांना ती गंमत वाटली. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न, म्हणून हसत सही केली आणि करार सर्वानुमते मंजूर झाला.

मग साहेब राहिलेच, कॉलेजच्या पंपाशेजारच्या खोलीत. मंडळींनी त्यांची जेवणं वाटून घेतली. आज मसोलीला, उद्या कैनाडच्या वाडीवर, परवा शेठकडे उंधियू. सल्लागार आपला आहे म्हटल्यावर जो तो सल्ला मागू लागला. कोणी मुलाच्या लग्नाबद्दल विचारी, कोणी भावाभावांतल्या वाटणीबद्दल. साहेब सगळ्यांना उत्तरं देत आणि दर आठवड्याला पट्ट्याचं एक भोक सोडत. मीही त्यांना लॅब दाखवली, गॅसची लाइन कुठून आणायची ते समजावलं. इतकी लगबग केली की आईने विचारलं, वरपक्षाचा माणूस आहे का?

आणि त्या गृहस्थांनी अहवालात लिहिलं, विज्ञानाच्या प्रयोगशाळांचा खर्च आणि पाण्याची टंचाई पाहता आधी कॉमर्सचा वर्ग काढावा, विज्ञानाचं पाचेक वर्षांनी पाहावं.

सभेत हे वाचलं गेलं तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उंधियू आमचा आणि शिफारस कॉमर्सची! शेठ माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, तुम्ही बोला." तलासरीहून येणाऱ्या मुलींबद्दल मी चांगलं भाषण तयार करून ठेवलं होतं. बारावीनंतर त्यांचं शिक्षण तिथेच खुंटतं, वगैरे. सगळं खरंही होतं. पण उभी राहिले आणि तोंडातून निघालं, "वर्ग नाही आला तर मला ठाण्याला जावं लागेल."

सगळी सभा हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी ते मुलींचंही बोलले, घाईघाईत, अर्धंमुर्धं. शेठ तेवढे हसले नाहीत. ते साहेबांकडे वळले.

"साहेब, मक्तेदाराने फळ उतरवायचं. वाडीत काय लावायचं ते मालक ठरवते. तुम्ही सायन्सचं लिहा. पाण्याचं आम्ही बघतो."

साहेब म्हणाले, "लिहितो. पण माझी खोली बदला, पंपाच्या आवाजाने झोप येत नाही." करारात तेवढी दुरुस्ती मंडळाने मंजूर केली. पुढे विद्यापीठाची समिती आली, लॅब पाहून गेली, आणि मे महिन्यात मंजुरी आली. ज्यांना थंडीत दोन-तीन आठवडेच राहायचं होतं त्या साहेबांना आम्ही उन्हाळ्यात स्टेशनवर पोचवलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या शनिवारी मी ठाण्याला गेले ती भांडणाची तयारी करूनच. नवरा गॅलरीत उभा होता. मी बातमी सांगितली. तो म्हणाला, "बरं झालं. मला तलासरी शाखा मिळालीय."

मला काही कळेना. त्याने लग्नानंतर लगेचच बदली मागितली होती. तलासरीसारखी आडगावची शाखा आपणहून मागणारा माणूस बँकेने पाहिलाच नव्हता. बँकेतल्या साहेबांनी दोनदा विचारलं म्हणे, घरी काही बिनसलंय का? राहायचं डहाणूत, आणि सकाळची एसटी, रानशेतवरून, विवळवेढ्याचं महालक्ष्मीचं देऊळ ओलांडून तलासरी. बसचं वेळापत्रकसुद्धा त्याने काढून ठेवलं होतं.

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"अर्ज देऊन बसलो आणि मग तुझं ठाण्याचं ठरलं. वर्ग आला नसता तर तू माझ्यासाठी ठाण्याला आली असतीस आणि मी तुझ्यासाठी तलासरीला गेलो असतो. कोणत्या तोंडाने सांगणार होतो?"

इतके महिने मी त्या गप्प बसण्याचा राग राग केला होता. मला रडू आलं आणि हसूही. आत सासूबाई पानं वाढत होत्या. त्यांना हे कोणी सांगायचं, यावरून लग्नानंतरचं आमचं पहिलं भांडण तिथेच, गॅलरीत, दबक्या आवाजात झालं.