कॅनमधली भर

बायकोच्या लघवीच्या कॅनमध्ये मी स्वतःची लघवी मिसळली आणि ती तपासायला दिली.

तुम्ही नाक मुरडलं असेल तर बराबर आहे. पण आधी ऐका.

बायकोला ल्युपस आहे. आधी सांधे धरले, मग गालांवर लाली चढली. मी म्हणालो, "गोरी व्हायलीस की!" हा त्या आजारात मी पाडलेला पहिला उजेड. पुढं डॉक्टर मॅडमनी समजावलं, की शरीराची राखण करणारी यंत्रणाच शरीरावर उलटते. म्हणजे कुंपणानंच शेत खायचं. यंदा ते खात खात किडनीपर्यंत गेलं. लघवीला फेस यायला लागला, संध्याकाळी सुजलेल्या पायांत चप्पल शिरेना. अंगातलं प्रोटीन लघवीवाटे गळत होतं. किती गळतंय ते मोजायला एका दिवसरात्रीची सगळी लघवी कॅनमध्ये जमवायची होती. गळती उतरली असेल तर गोळ्या कमी करायच्या. तशीच असेल तर पाठीतून सुई घालून किडनीचा बारीक तुकडा काढायचा आणि तपासायचा. बायको सुईला भ्यायली होती. मी जास्त.

त्या कॅनपायी तिनं भाचीचा साखरपुडा सोडला. "कॅन काय मांडीवर घेऊन बसू पाव्हण्यात?" म्हणाली. थेंब वाया जाऊ दिला नाही. सकाळी मी कॅन मोटारसायकलच्या कॅरिअरला बांधला.

"झाकण बगा," ती दारातून ओरडली.

"स्पेअर पार्टच्या दुकानात जिंदगी गेली माझी, अन् तू मला झाकण शिकवतीस?"

वडीगोद्री सोडून अंबडच्या जवळ आलो आणि एक गतिरोधक जरा जोरातच ओलांडला. थोड्या वेळानं मागून एक गाडीवाला हॉर्न वाजवत शेजारी आला. "ओ मामा, दूध सांडून राह्यलं तुमचं!"

थांबून पाहिलं तर कॅन निम्मा रिकामा. झाकण आट्यांवर तिरकं बसलेलं.

शहाण्या माणसानं तिथून घरी फोन केला असता. मला डोळ्यांसमोर फक्त बायकोचं तोंड दिसत होतं. परत तो सगळा खटाटोप तिला कोणत्या तोंडानं सांगू? मी हॉटेलात बसलो, दोन तांबे पाणी प्यालो, वर चहा, त्यावर आणखी एक चहा, आणि कॅन घेऊन बाभळीमागं गेलो. एका फेरीत भागलं नाही. लघवी ती लघवी, असा माझा हिशेब. कॅन होता तेवढा भरला आणि मी जालन्याला लॅबमध्ये ऐटीत देऊन आलो.

रिपोर्ट दाखवायला आम्ही दोघं गेलो. मॅडमनी कागद दोनदा वाचला. "अरे वा! गळती निम्म्यावर आलीय. मग सुईची घाई नको. गोळ्याही कमी करू."

बायको हसली. किती महिन्यांनी! मी मात्र खुर्चीत या कुशीवरून त्या कुशीवर. घड्याळाचा पट्टा सोडला, लावला. भिंतीवरचं हृदयाचं चित्र वाचून काढलं. मग नजर टेबलाखाली गेली, तर बायकोच्या पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल रुतलेला. सूज तर तसूभर हलली नव्हती. निम्म्यावर कसली येते? निम्मा तर मीच होतो. आणि मॅडमचा पेन गोळ्यांच्या नावावर टेकलेला.

"मॅडम, थांबा. त्यात थोडी भर आहे."

"कसली भर?"

"माझी."

पेन खाली ठेवला गेला. "किती?"

"निम्मी."

"काका," मॅडम सावकाश म्हणाल्या, "तुमच्या लघवीवर विसंबून मी यांच्या गोळ्या तोडल्या असत्या. किडनी हातची गेली असती."

परतताना बायको एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली. मी शेंगा घेतल्या, तिनं हात लावला नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला जेवण तरी गेलं असतं.

तिनं पुन्हा कॅन भरला. या खेपेला स्वतः मांडीवर धरून एसटीनं नेला. मला शेजारी बसू दिलं, एवढंच. रिपोर्ट आला. गळती उतरली नव्हती. सुई ठरली.

त्या दिवशी तिला टेबलावर पालथं झोपवलं होतं. मी दारातून डोकावत होतो, आत जाऊ की नको. सिस्टरनं विचारलं, "काकू, घाबरू नका. काकांना जवळ उभं करू का?"

बायकोनं उशीतून मान वळवली. "नगं बाई, त्यांना बाहीरच ठिवा. तुकडा हातातून सांडला तर सोताचा टाकून देतील, अन् सांगायचे बी न्हाईत."